मधल्या जागेचा मालक

आमच्या घराला रस्त्याकडं दार नव्हतं. त्यामुळं शाळेतल्या नव्या मैत्रिणीला घरी बोलवायचं म्हणजे पंचाईत असायची. ती बिचारी इंदापूरच्या त्या कडेला येऊन नुसत्या पाठभिंती आणि त्यांच्यावर थापलेल्या गोवऱ्या बघत फिरायची, आणि शेवटी कुठूनतरी भाकरी थापल्याचा आवाज येतोय म्हणून अंदाजानं बोळात शिरायची. बोळातून आत आलं की मात्र एकदम उजेड. मधे मोठी मोकळी जागा आणि तिच्याभोवती अकरा घरं, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. आमच्या आजोबांच्या पिढीनं मेंढरं विकली आणि इथं पक्क्या भिंती घातल्या, तेव्हा घरं कशी मांडायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर रानात जसा तळ मांडला तशीच त्यांनी घरं मांडली. बिऱ्हाडं कडेनं आणि मेंढरं मधे. इथं मेंढरं उरली नव्हती, तरी मधली जागा तशीच राखली गेली. तिला आम्ही ‘मधलं’ म्हणायचो. “कुठं चाललीस गं?” “मधल्यात.” एवढं उत्तर आईला पुरायचं. मधल्याला दोन वाटा होत्या, एक बाजारपेठेकडची आणि एक हायवेकडं उतरणारी, कारण कळप एकीकडून आत येतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो, वळवत बसावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांनी एवढं मात्र विचार करून ठेवलं होतं, आणि पुढं तेच आमच्या मुळावर आलं.

कळप वर्षातून एकदाच यायचे. दिवाळी सरली की मोरगावच्या बाजूच्या कोरडवाहू रानातले आमचे भाऊबंद मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडं निघायचे, आणि वाटेतला एक मुक्काम आमच्या मधल्यात ठरलेला असायचा. सगळं मधलं लोकरीनं भरून जायचं. घरातून बाहेर पडायचं तर मेंढरांच्या पाठी बाजूला सारत जायला लागायचं. त्या दिवशी दर घरात हुलग्याचे शेंगोळे शिजायचे, कारण पाहुणे कुणाच्या दारात जेवायला बसतील याचा नेम नसायचा. लसणाचा तो वास आणि मेंढरांचा ओलसर वास एकमेकांत मिसळला की आमची दिवाळी खऱ्या अर्थानं पुरी व्हायची. बाकीचं वर्षभर मधल्यात आमचंच राज्य. वाळवणं, भांडणं, लग्नाचे मांडव, आट्यापाट्या, सगळं तिथंच. पण मधलं माझं आहे असं कुणी कधी चुकूनही म्हणत नसे. मधलं माझं म्हणणाऱ्याच्या मेंढीला पान्हा फुटत नाही, असं जुनी माणसं सांगायची. आमच्यात मेंढी औषधालाही उरली नव्हती, तरी एखाद्या पोरानं खेळताना “ही आमची जागा” म्हटलं की कुठल्या तरी ओट्यावरून कुणीतरी खेकसायचं, “जागा म्हनं तुमची! थोबाड धू आदी.”

या मधल्यावर सगळ्यात जास्त हक्क कुणाचा होता असं मला आज विचाराल तर मी सांगेन, माझ्या बायजाआत्याचा. ती आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. लग्न झालं नाही. ती आमच्याकडंच राहायची, लोकर पिंजायची, टकळीवर सूत काढायची आणि घोंगडीवाल्यांना द्यायची. स्वभाव तिखट. हात धरलेला तिला अजिबात खपत नसे. कुणी मदतीला पुढं झालं की म्हणायची, “मी काय शेळी हाय व्हय, कान धरून न्यायला?” आणि खरंच तिला गरज नव्हती. रोज दुपारी जेवणं झाली की ती टकळी कमरेला खोचून उंबऱ्याबाहेर पाय ठेवायची आणि मधलं ओलांडून समोरच्या कौसामामीकडं जायची. दोघी एकाच तळावर वाढलेल्या, एकाच घोंगडीत झोपलेल्या सोबतिणी. आत्या काही काठी टेकत नव्हती. उंबऱ्यातून उतरली की डाव्या हाताला सार्वजनिक नळ दगडी डोणीत टपकत असायचा. तो आवाज मागं पडला की पायाखाली निंबोळ्या लागायच्या आणि डोक्यावर कडुनिंब सळसळायचा. निंबाच्या पुढं जमीन किंचित चढायची, आणि तिथून कौसामामीच्या ओट्यावरची कोंबडी, मामीचं खोकणं, तिच्या बांगड्या. मामी बसल्या जागेवरून हाक मारत नसे. हाक मारली की आत्याचा पारा चढायचा. ती आपल्या चालीनं, मान वर करून, बाजारात चाललेल्या पाटलिणीसारखी जायची. अनोळखी माणसाला ती आंधळी आहे हे कळायचंही नाही. संध्याकाळी चुली पेटल्या की तशीच परत. ती पलीकडे आहे म्हणजे दोघी हसत असणार आणि अलीकडे आहे म्हणजे आई आणि ती भांडत असणार, असं आमच्या घराचं घड्याळ होतं.

आता मी बारामतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. शेजारच्या घरात आज काय शिजलं हे मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पंख्यातून कळतं आणि तिथं कोण राहतं हे दारावरच्या पाटीवरून. माणसं वाईट नाहीत. जिन्यात भेटली की हसतात. पण आमची दारं जिन्याकडं उघडतात आणि जिन्यात कुणी बसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पोरांकडून नकाशे भरून घेतले, रस्ते लाल रेघेनं, नद्या निळ्या. लाल रेघ ओढताना पोरं पट्टी घेतात आणि सरळ ओढून मोकळी होतात. त्यांना रागवायचं कसं, हे मला कधी सुचलं नाही.

बारामतीचं कौतुक आमच्या घरात सगळ्यात आधी आण्णांनी आणलं. ते एसटीत कंडक्टर होते. रोज इंदापूर-बारामती करायचे आणि घरी येऊन पायातले बूट काढता काढता सुरू व्हायचे. बारामतीत रस्ते कसे रुंद झालेत, दुभाजकात झाडं कशी लावलीत, नव्या कॉलनीत दिवे कसे एका ओळीत लागतात. “आपलं इंदापूर बघ. ट्रक पेठेत शिरला की म्हशीच्या मागनं चालतोय. असं न्हाय चालायचं.” त्यांचे एक मावसभाऊ तिथल्या नव्या कॉलनीत राहायला गेले होते. घर बघायला म्हणून आम्ही सगळे गेलो, आत्यालाही नेलं. काटेवाडी मागं पडली तशी उसाची हवा खिडकीतून यायला लागली, आणि आत्या म्हणाली, “रंजे, पानी लई प्यालेलं रान हाय हे.” कॉलनीत पोचलो तर खरोखर डोळे दिपले. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना एकासारखी एक घरं, दर घराला लोखंडी फाटक. काकूंनी चहा-पोहे केले, कपाटातली काचेची भांडी दाखवली. मोठ्यांच्या गप्पा रंगल्या तशी आत्या सवयीनं उठली आणि बाहेर पडली. थोड्या वेळानं आम्हाला कळलं की ती घरात नाही. शोधाशोध झाली. ती दुसऱ्याच गल्लीत, दुसऱ्याच फाटकापाशी उभी होती. तिनं हाका मारल्या असणार, पण दारं बंद होती. आण्णांना बघून, म्हणजे त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून ती म्हणाली, “हितं माणसं ऱ्हात्यात का रं? येका बी घरातनं कसला आवाज न्हाय.” सगळे हसले, मीही हसले. तिची मूठ मात्र फाटकाच्या गजावरून सुटत नव्हती. घरी आल्यावर ती तशीच मधलं ओलांडून मामीकडं गेली.

मी सातवीत असताना मोजणीवाले आले. तिपाई, साखळी, लाल-पांढऱ्या काठ्या. आमच्या अकरा घरांच्या गोलाला तो सणच झाला. त्यांचे साहेब तरुण होते, चष्मा लावणारे, मऊ बोलणारे. बायकांशीही अहो-जाहो. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्यांनी एकेका घरी जाऊन घर कुणाच्या नावावर, भिंत कुणाची, परडं कुणाचं, सगळं नीट विचारलं. भिंतीवरून आमच्यात दोन घरं जवळजवळ हातघाईवर आली, वितीवितीचा हिशेब झाला. मग भाऊसाहेब निंबाखाली खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आता ही मधली मोकळी जागा. ही कुणाची?”

“ती कुनाची न्हाय,” तात्या म्हणाले. तात्या म्हणजे गोलातलं थोरलं माणूस. त्यांच्या वडिलांनी तळाचा कारभार बघितला होता, म्हणून कुठल्याही कामात पहिला शब्द त्यांचा.

“कुणाची नाही कशी? वापर तुमचाच दिसतोय.”

“वापरतोय की. पर जागा आमची न्हाय.”

भाऊसाहेबांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, “आमची न्हाय, साहेब.” त्यांनी पुढच्याला विचारलं. त्यानं कानाला हात लावला. अकरा घरांतून एकच उत्तर आलं आणि दर उत्तराला तात्यांची मान समाधानानं हलत होती, कारण वितीवितीसाठी भांडणारी माणसं मधल्याच्या बाबतीत किती शहाणी आहेत हे परक्या माणसासमोर दिसत होतं. शेवटी भाऊसाहेबांनी डोणीपाशी सूत काढत बसलेल्या आत्याला विचारलं, “आजी, तुम्ही तरी सांगा. तुमची का?”

आत्या मोठ्यानं हसली. “माजी कशानं आसंल, लेकरा? मधल्याला कुनी मालक आस्तो व्हय?”

सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, चहा पिऊन गेले. त्या रात्री जेवताना आण्णा म्हणाले, आता आपलं गाव कागदावर आलं, आता बारामतीसारखं होणार. आईनं त्यांना जास्तीची भाकरी वाढली.

मी दहावीत गेले तेव्हा निंबाच्या खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आला. नंतर बोळाच्या तोंडाशी दगड रोवले, आणि मग पेठेत सगळीकडं बोलणं झालं की बाजारापासून हायवेपर्यंत नवा रस्ता निघतोय, ट्रक पेठेतून नाही जायचे. पेठेतले लोक खूश होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तिथं शाळेतून येणाऱ्या पोरांना भिंतीला चिकटून चालावं लागायचं. आण्णाही दोन दिवस खूशच होते. रस्ता कुठून जाणार हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले ते बूट न काढता मधल्यात उभे राहिले, या वाटेकडून त्या वाटेकडं बघत. दोन वाटा समोरासमोर, मधे एकही भिंत नाही. आयता रस्ता पडलेला होता, फक्त डांबर ओतायचं बाकी होतं.

हरकती ऐकून घेण्याचा दिवस ठरला. कचेरीत तात्या, आण्णा, आणखी चार-पाच जण, आणि आत्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिनं सकाळीच लुगडं बदललं होतं. मला नेलं ते तिच्या सोबतीला, म्हणजे मी शेजारून चालायचं, हात धरायचा नाही. खुर्चीवर तेच चष्मेवाले भाऊसाहेब होते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, टेबलावर नकाशा पसरला आणि आमच्या घरांभोवती बोट फिरवलं. “हे बघा, तुमच्या एकाही घराला धक्का नाही. एवढा रस्ता काढला, पण कुणाची वीट हलत नाही. उलट सगळ्यांची घरं मेन रोडवर येतायत. भाव वाढेल.”

तात्या म्हणाले, “पर साहेब, आमी बसायचं कुठं?”

भाऊसाहेबांना प्रश्न कळला नसावा. ते म्हणाले, “घरात.”

मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणून बोलले. मला ते वाक्य अजून आठवतं, कारण मोठा साहेब इतकं सरळ बोलतो हे मी पहिल्यांदा बघत होते. “तात्या, मी तेव्हा दोन-दोनदा विचारलं होतं. तुम्ही सगळे म्हणालात, कुणाची नाही. जी जागा कुणाची नाही ती सरकारजमा होते. पण अजून हरकतीची मुदत आहे. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या ताब्यात आहे. आज तुम्ही सगळ्यांनी मिळून, ‘जागा आमची आहे’ एवढं तोंडानं म्हणा. मी तसं लिहून वर पाठवतो. पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही. पण म्हटल्याशिवाय मी काही लिहू शकत नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. “साहेब,” ते म्हणाले, “तितं मोरगावची मेंढरं येत्यात. वर्साला बसत्यात.”

“ते आलेत का हरकत घ्यायला?”

“ते रानात हायती.”

“मग त्यांचं सोडा. तुमची म्हणा.”

“त्येंची सोडून आमची कशी म्हनायची?”

मी आण्णांकडं बघितलं. आण्णा पायाखालच्या फरशीकडं बघत होते. तात्यांच्या आधी बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि आण्णांना काय आडवं येत होतं ते मला कळत होतं. इतकी वर्षं ज्याच्या नावानं घास घेतला तो रस्ता समोर येऊन बसला होता. तेवढ्यात आत्या बोलली. एरवी चारचौघांत तिचा आवाज खणखणीत असायचा, त्या दिवशी तो फुटकाच आला.

“तात्या, म्हना की. आमची म्हना.”

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा टेबलाच्या बाजूला नव्हता, खिडकीकडं होता, जिथून रस्त्याचा आवाज येत होता. तात्या तिच्याकडं वळले. त्यांना राग आला नव्हता. ते म्हणाले, “बायजे, माज्यानं हुईना. तूच म्हन.”

आत्यानं तोंड उघडलं. मला तिचे ओठ हललेले दिसले. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. तिला काय हवंय हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुपारची ती चाल, निंबोळ्या, मामीचा ओटा. एक वाक्य म्हणायचं होतं. भाऊसाहेब पेन उघडून बसले होते, खरंच वाट बघत होते.

“जीभ न्हाय उचलत, तात्या,” ती म्हणाली.

तेव्हा मीच बोलले. “आमची हाय साहेब. सगळ्यांची मिळून. लिहा.”

तात्या माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, कुणीतरी म्हटलं याचं त्यांना बरंच वाटलं असावं. पण भाऊसाहेब माझ्याकडं बघून हसले, वाईट हसले नाहीत, आणि म्हणाले, “बाळ, घर तुझ्या नावावर आहे का?” आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आजही मला कधीकधी त्या तात्यांचा संताप येतो. एक वाक्य बोलायला काय जात होतं? आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, ती माणसं तशी होती म्हणून तर मधलं होतं. माझं-माझं म्हणणारी असती तर आजोबांच्या काळातच तिथं अकरा कुंपणं पडली असती, आणि रस्त्याला वाट तरी मिळाली नसती. हा गुंता मला कधी सोडवता आला नाही आणि आता या वयात सुटेल असंही वाटत नाही.

निंब तोडला त्या दिवशी आत्या घरातच होती. झाड पडल्याचा आवाज तिनं ऐकला आणि टकळी खाली ठेवली, बाकी काही नाही. मग डोण उचलून कुठं नेली कुणाला ठाऊक. नळ कोपऱ्यावर गेला. खडी पडली, रोलर फिरला, डांबर आलं. घरांतल्या भांड्यांना सुद्धा डांबराचा वास येत होता. आई म्हणायची भाकरीलाही येतो. रस्ता सुरू व्हायच्या आधी चार दिवस सगळं शांत होतं. आत्या टकळी खोचून उंबऱ्याबाहेर उतरली. दोन पावलं गेली आणि थांबली. टपटप नाही, निंबोळ्या नाहीत, वर सळसळ नाही, जमीन सगळी एकसारखी. तिनं चप्पल काढून अनवाणी पाय टेकवून बघितला. कौसामामीनं आयुष्यात पहिल्यांदा तिला पलीकडून हाक मारली, “बायजे, हिकडं ये, सरळ ये.” त्या हाकेच्या दिशेनं आत्या गेली, पण तिची चाल मोडली होती. एक हात पुढं धरून ती आंधळ्या बाईसारखी चालत होती.

मग ट्रक सुरू झाले. उसाचे, कांद्याचे, रात्रंदिवस. भिंती हलायच्या, कपबशा मांडणीत वाजायच्या. दोन्ही अंगाच्या घरांनी आधी पडदे लावले, मग दारं ओढून घेतली. धूळ तरी किती झाडायची? पावसाळ्याआधी एकेकानं मागच्या भिंती फोडल्या, जिथं गोवऱ्या थापायचो तिथं नवी दारं काढली, आणि रस्त्याकडची बाजू दुकानांना दिली. कौसामामीच्या मुलानं, धोंडिबानं, ओट्याच्या जागी पंक्चरचं दुकान काढलं, लोखंडी शटर बसवलं. मामी मागच्या खोलीत. आता समोरासमोरच्या माणसांना भेटायचं म्हणजे कोपऱ्यावरून वळसा घालून मागच्या गल्लीनं जायला लागायचं, आणि कामाशिवाय तेवढा वळसा कोण घालतो? भांडणं थांबली, असं आई एकदा म्हणाली, आणि तिला ते आवडलेलं दिसलं नाही. आम्ही आत्याला म्हणायचो, चल, मी नेते मामीकडं. ती म्हणायची, “मला काय झालंय? मी जाईन माजी माजी.” आणि जायची नाही. सूत काढायची, तेही कमी. दुपारी उंबऱ्याशी बसायची आणि ट्रक मोजावेत तशी मान हलवायची.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी, दिवस कलताना, घुंगरांचे आवाज आले. मोरगावचा कळप. रानातल्या माणसांना आमचं काही कळलेलं नव्हतं, कळवणार तरी कोण आणि कुठं? आमचं रस्त्याकडचं दार अजून तसंच होतं; मी दारातच होते, आत्या उंबऱ्याशी. बाजाराकडच्या वाटेनं पुढचं मेंढरू आत आलं, आणि सवयीच्या जागेवर येऊन, डांबरावर, खाली बसलं. त्याच्यामागं दुसरं. मेंढक्यानं हाळी दिली, काठी आपटली, पण कळपाला वर्षानुवर्षांचा मुक्काम ठाऊक होता. बघता बघता सगळा रस्ता लोकरीनं भरला. दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहिले आणि भोंगे सुरू झाले. मेंढका मधोमध उभा राहून आमच्या बंद दारांकडं बघत होता. “आवं, हितला तळ कुठं गेला?” असं तो कुणाला तरी विचारत होता, आणि ट्रकवाले त्याला शिव्या देत होते.

आत्या उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा मी तसा कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. तिनं टकळी कमरेला खोचली, उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि निघाली. हात पुढं नाही. हात दोन्ही बाजूंना, मेंढरांच्या पाठींवर. ती त्यांच्यातून वाट काढत मान वर करून चालली होती, तीच जुनी चाल, आणि मेंढरं तिला जागा देत होती. भोंगे वाजत होते त्याचं तिला काहीच नव्हतं. ती पलीकडं पोचली, चढाच्या सवयीनं पाय जरा उचलून टाकला, तिथं चढ नव्हता, अडखळली, सावरली आणि हात पुढं करून ओट्याच्या जागेवर टेकवला.

धोंडिबा सामान आणायला बाजारात गेला होता आणि शटर खाली ओढलेलं होतं. आत्याला शटरचं आम्ही सांगितलं होतं. पण तिचं अंग अजून जुन्याच घराकडं चाललं होतं. तिनं लोखंडाच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, वर, खाली, कडी शोधत. मग थापट्या मारल्या. “कौसे! ए कौसे!” मागच्या खोलीत मामीपर्यंत काय जाणार? भोंग्यांत तिचा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, फक्त तोंड हलताना दिसत होतं. इकडं मेंढक्यांनी पुढच्या मेंढरांना ओढून उठवलं आणि कळप उठला, हायवेच्या बाजूला सरकायला लागला. ट्रक इंचाइंचानं त्यांच्या मागं. शेवटचं कोकरू उचलून घेतल्यावर रस्ता पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात, कारण सगळे खोळंबले होते. आत्या शटरला पाठ लावून उभी होती. मी अलीकडं उभी होते आणि आमच्यामधून ट्रकमागून ट्रक जात होते. एका ट्रकच्या मागं दुसरा यायच्या मधल्या फटीत ती मला दिसायची आणि पुन्हा जायची.

वाहनं जरा पांगली तशी मी पळत ओलांडून गेले. ती माझी चाहूल ओळखते, हे मला माहीत होतं. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले. हात धरायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

“रंजे?”

“व्हय, आत्या.”

तिनं शटरला लावलेली पाठ सोडवली. मग तिनं आपला हात माझ्या बाजूला, अंदाजानं, पुढं केला.

“धर,” ती म्हणाली. “घराकडं ने मला.”